एका सम्पवर तीन टँक? आधी लाईट घालवून बघा

तुम्ही विचारलंय की पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, हॉलमध्ये चार फुटी रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, कोरल आणि माशांचा), बेडरूममध्ये तीन फुटी फ्रॅग टँक (कोरलचे छोटे तुकडे वाढवायचा) आणि नवीन मासे आधी वेगळे ठेवायला एक छोटा क्वारंटाइन टँक, तिन्ही एकाच सम्पला (खाली ठेवलेली फिल्टरची टाकी, जिथनं पंप पाणी परत वर पाठवतो) जोडायचेत, तर प्लॅनिंग कसं करू. मी ठाण्यात दोन टँक एका सम्पवर चालवतो, त्यातनं जे समजलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे क्वारंटाइन टँक त्यातून काढाच. पाणी एक झालं की रोग पण एक झाला, मग त्याला क्वारंटाइन म्हणण्यात काय अर्थ आहे. नवीन माशाबरोबर पांढरे ठिपके आले की तांब्याचं औषध लागतं आणि तांबं कोरल, गोगलगायी, झिंगे सगळ्यांना मारतं, शिवाय दगडात मुरून बसतं. म्हणजे जोडलेल्या सिस्टिममध्ये तुम्ही औषध घालूच शकत नाही, सगळे मासे बाहेर काढून दोन-अडीच महिने टँक बिनमाशाचा ठेवत बसावं लागतं. क्वारंटाइनला साधा काचेचा टँक, एक स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचे दोन एल्बो, आणि त्याची बादली आणि पाइपसुद्धा वेगळी. बस.

आता सम्प. सगळे लोक टँक किती मोठा, दिवे कोणते इथून सुरू करतात (मी पण तेच केलं होतं), पण मल्टी टँकमध्ये खरा प्रश्न एकच असतो, लाईट गेली की वरचं पाणी कुठे जाणार. पंप बंद झाला की दोन्ही टँकमधलं पाणी रिटर्नच्या (सम्पमधलं पाणी वर नेणाऱ्या) नळीतून उलटं सायफन होऊन खाली येतं आणि नळीचं टँकमधलं तोंड, म्हणजे नोझल, उघडं पडेपर्यंत थांबत नाही. ते टाळायला नळीला पाण्याच्या जरासं खाली एक बारीक भोक पाडतात, पातळी उतरली की तिथून हवा शिरते आणि सायफन तुटतो. माझ्याकडे ते भोक होतं. पण माझं नोझल बारा सेंटीमीटर खाली होतं आणि एका रात्री लाईट गेली तेव्हा त्या भोकावर एक गोगलगाय आरामात चिकटून बसलेली. साठ-पासष्ट लिटर पाणी खाली आलं, सम्पमध्ये जागा होती तीसेक लिटरची. आम्ही झोपलेलो. सकाळी सहाला खालच्या काकूंनी बेल वाजवली, "अहो, तुमच्याकडनं काही सांडलंय का, आमच्या पंख्यावरनं पाणी ठिबकतंय". बरं साधं पाणी असतं तर वाळून गेलं असतं, हे खारट, त्यांच्या छताला पांढरी बुरशीसारखी खपली यायची, रंग दिला की महिन्याभरात परत, दोनदा रंगवून दिलं मी. काकू अजून बोलतात हे त्यांचे उपकार.

तुमच्या मापांवर हिशोब करून दाखवतो. चार फुटी म्हणजे १२० बाय ४५ सेंमी, पातळी एक सेंटीमीटर उतरली की ५.४ लिटर. तीन फुटी ९० बाय ४५, म्हणजे सेंटीमीटरला साधारण ४ लिटर. दोन्हीकडे नोझल पाच सेंटीमीटर खाली धरलं तर झाले ४७ लिटर, त्यात पाइप आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं (टँकच्या काठाशी जिथे पाणी सांडून खाली जातं तो कप्पा) धरा, ५५. सम्प ९० बाय ४० चा असेल तर तिथे सेंटीमीटरला ३.६ लिटर, म्हणजे पाणी पंधरा सेंटीमीटर चढणार. तर चालू असताना सम्पची पातळी काठापासून वीस सेंटीमीटर खाली हवीच, आणि हा हिशोब भोक बुजलंय असं धरूनच करा. दुकानदार नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) लावा म्हणेल, लावू नका असं नाही पण त्याच्या भरवशावर झोपू नका, त्यात मिठाचा किंवा शेवाळाचा एक कण अडकला की तो व्हॉल्व्ह नुसता नावाला.

प्रत्येक टँकचा ड्रेन (पाणी खाली आणणारा पाइप) स्वतंत्र सम्पपर्यंत आणा, एका टँकचं पाणी दुसऱ्यात आणि तिथून सम्पमध्ये असं करू नका, मधला तुंबला की वरचा वाहायला लागतो. दोन पाइपवाला हर्बी ओव्हरफ्लो मला सगळ्यात पटला, एकाला गेट व्हॉल्व्ह, दुसरा इमर्जन्सीसाठी रिकामा. आवाज येत नाही. रिटर्नला मी एका मोठ्या पंपाऐवजी दोन छोटे घेतले, दोन वेगळ्या प्लगवर, एक मेला तरी अर्धी सिस्टिम फिरते. बेडरूमचं मात्र परत बघा. भिंतीतून कोरिंग, ड्रेनला लांब आडवा पाइप आणि त्याला उतार, आणि रात्रभर गुळगुळ. फ्रॅग टँक हॉलमध्येच मोठ्या टँकच्या शेजारी बसत असेल तर निम्मी डोकेदुखी तिथेच संपली.

वजनाचं कोणी बोलत नाही. चार फुटी टँक, खाली सम्प, काच, दगड, स्टँड मिळून पाचशे किलोच्या आसपास जातं. घरातल्या खोल्यांचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबाने धरलेला असतो. याचा अर्थ लगेच पडेल असा नाही, भार पसरतो, पण खोलीच्या मधोमध ठेवू नका, बीमलगत किंवा कॉलमजवळ भिंतीला लावून ठेवा आणि बिल्डिंग जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवाच.

पाणी आरओ-डीआयचं (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं), टीडीएस शून्य. पिण्याचा आरओ चालत नाही. मीठ लिटरला ३५ ग्रॅमच्या थोडं वर लागतं, म्हणजे तुमचे दोन टँक आणि सम्प मिळून साधारण साडेचारशे लिटर धरले तर पहिल्यांदा सोळा किलो, मग आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर दीडेक किलो. आरओचं वाया जाणारं पाणी तयार पाण्याच्या तिप्पट-चौपट असतं, ते लादी पुसायला, संडासला वापरा नाहीतर घरातले वैतागतील. आणि उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर साध्या आरओ-डीआयच्या पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. ही चूक इतके लोक करतात की काय सांगू.

तापमान २५-२६ वर ठेवा. तुम्ही पुण्याचे, एप्रिलमध्ये हवा कोरडी असते, पाण्यावर पंखा सोडला की दोन-तीन डिग्री उतरतं. आमच्याकडे ठाण्यात दमट हवेत पंखा नुसता फिरतो, मला चिलर घ्यावाच लागला. चिलर सम्पवर एकच लागतो, एका सम्पचा खरा फायदा हाच. इन्व्हर्टरवर चिलर घालू नका, फक्त एक वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप) आणि एक रिटर्न, ऑक्सिजन मिळत राहिला पाहिजे. आणि या सगळ्या लाइनला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच, खारं पाणी आणि वीज.

कोरलबद्दल. माझा मामा मालवणचा, तो म्हणाला कशाला विकत घेतोस, बोटीवरनं कोरलचे चार दगड आणून देतो. पण कडक कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्युल एकमध्ये आहेत, समुद्रातनं काढणं, विकणं गुन्हा आहे आणि मेलेल्या कोरलचे सांगाडे पण त्यात येतात. सीहॉर्स पकडणं, विकणं हाही गुन्हाच. दगड सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे मिळतात ते घ्या, सुरुवात झोएंथिड, मशरूम अशा मऊ कोरलपासून करा आणि ते सुद्धा घरात वाढवलेले फ्रॅग, बिल घेऊन. अजून एक, लेदर कोरल पाण्यात केमिकल सोडतात ज्याने दुसरे कोरल खुरटतात. वेगळ्या टँकमध्ये ठेवलेत म्हणून सुटका नाही, पाणी एकच आहे ना, सम्पमध्ये कार्बन (ती केमिकल शोषून घेणारा कोळसा) चालू ठेवावा लागतो.

सायकल व्हायला (अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये तयार व्हायला) चार ते सहा आठवडे धरा, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय एकही मासा नको. पण त्याच्याही आधी, सगळं प्लंबिंग झालं की साधं नळाचं पाणी भरा, सम्पवर पातळीची खूण करा आणि मेन स्विच स्वतः बंद करा. एकदा नाही, चार-पाच वेळा. त्यातल्या एका वेळी दोन्ही रिटर्नच्या भोकांवर सेलोटेप लावून बंद करा आणि सम्पशेजारी टॉवेल घेऊन बसा. पाणी काठाच्या आत थांबलं तर मीठ आणायला जा.