सर्व्हर बदलला, तर लेखन सोबत येते का?

प्रश्न : मॅस्टोडॉनसारखी विकेंद्रित समाजमाध्यमे कोणा एका कंपनीच्या मालकीची नसतात, असे ऐकतो. मग तेथील खाते खरोखर आपलेच असते का?

उत्तर : काही अंशीच. २०१६ मध्ये सुरू झालेले मॅस्टोडॉन हे निरनिराळ्या व्यक्ती व संस्था चालवत असलेल्या सर्व्हरांचे जाळे असून, २०१८ मध्ये वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मान्य केलेल्या अ‍ॅक्टिव्हिटीपब या प्रमाणित नियमावलीमुळे एका सर्व्हरवरील सदस्याला दुसऱ्या सर्व्हरवरील सदस्याशी, ईमेलप्रमाणेच, संवाद साधता येतो. चालकाचे धोरण पटले नाही, तर बिऱ्हाड हलवता येते आणि अनुयायीही मागोमाग येतात. जुन्या नोंदी मात्र जुन्याच घरी राहतात, ही गोम आधी फारसे कोणी सांगत नाही. अनेक सर्व्हर हौशी चालकांच्या पदरमोडीवर किंवा देणग्यांवर चालतात, त्यामुळे चालक थकला की सर्व्हरही थांबतो. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतील सर्व्हरांनी बंद होण्यापूर्वी किमान ३ महिन्यांची सूचना देणे अपेक्षित असते. नावनोंदणी करताना ही यादी जरूर पाहावी. आणखी एक : तेथील खासगी संदेश चालकाला वाचता येईल अशा स्वरूपात साठवले जातात, तेव्हा गुपिते तेथे लिहू नयेत.