दुर्मीळ प्राण्यावरची साहसकथा: माहिती पेरायची कुठे?

नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहिताना तुमची अडचण अशी, की प्राण्याची माहिती घातली की गोष्ट रेंगाळते आणि गाळली की तिथे कुठलाही प्राणी चालला असता असं वाटतं. माहितीचे परिच्छेद काढून टाका आणि प्राण्याच्या शरीरालाच कथानकात कामाला लावा.

खवले मांजर घ्या. संकट दिसलं की ते अंगाचा गोळा करतं. त्या खवल्यांपुढे सिंहसुद्धा हात टेकतो, पण माणूस तोच गोळा अलगद उचलून पोत्यात घालतो. एवढा प्रसंग लिहिलात की शिकार इतकी सोपी का, हे वेगळं सांगावं लागत नाही. मग मुलं ते पोतं पळवतात. इथेच गोष्ट हमखास घसरते: प्राणी घरी येतो, दूध पितो, तरतरीत होतो. प्रत्यक्षात त्याला दातच नसतात. मुंग्या आणि वाळवी हेच खाणं, तेही वारूळ उकरून लांब चिकट जिभेनं टिपलेलं. बंदिवासात ते ताणानं आणि भलत्या खाण्यानं लवकर दगावतं. म्हणजे खोक्यात ठेवल्यापासून मुलांच्या हाती फार वेळ नाही; घाई आपोआप येते, पाठलाग ओढूनताणून आणावा लागत नाही.

खलनायकाला मात्र बाजारात उघड सौदा करू देऊ नका. २०१७पासून खवले मांजराच्या आठही जाती 'साइट्स' या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात आहेत. रानातून पकडलेल्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. त्याला खोटी कागदपत्रं लागतील, माल लपवावा लागेल, आणि मुलांना धागा तिथेच सापडेल.

न्यूझीलंडचा काकापो तर रहस्यकथेसाठीच जन्मलाय. हा न उडणारा, निशाचर पोपट. नर जमिनीत खळगा करून त्यात बसून घुमतो. तो खर्जातला आवाज काही किलोमीटरवर जातो, पण येतोय कुठून ते कळत नाही. नेमकी जागा कळते ती घुमता घुमता मधेच काढलेल्या उंच, चिरक्या आवाजावरून. हे कोणत्या पात्राच्या लक्षात येतं, ते तुम्ही ठरवा. शिवाय धोका जाणवला की तो जागच्या जागी थिजतो. डोळ्यांनी शिकार शोधणाऱ्या गरुडापासून त्यामुळे बचाव व्हायचा, पण वासावर येणाऱ्या स्टोटला, म्हणजे मुंगसासारख्या दिसणाऱ्या छोट्या शिकारी प्राण्याला, तो आयताच सापडतो.

आणि हिमबिबट्याला डरकाळी फोडता येत नाही. प्रकरणाच्या शेवटी दरीत डरकाळी घुमवायचीच असेल, तर प्राणी बदला.