'सी हाऊ दे रन'सारख्या, खुनाच्या रहस्यपटांची थट्टा करणाऱ्या चित्रपटात लोकांना नेमकं काय आवडतं?

तुम्ही लिहिलं आहे की 'सी हाऊ दे रन' (२०२२) पाहिला, खुनी कोण ते कळलं तरी धक्का बसला नाही, मग लोक त्याचं एवढं कौतुक का करतात. मला हा चित्रपट मनापासून आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रहस्यपट बघून बघून आपण काही ठोकताळे बांधलेले असतात. हा चित्रपट ते ठोकताळे आधी मोठ्याने सांगतो आणि मग आपल्या डोळ्यांदेखत तेच करून दाखवतो. १९५३ सालचं लंडन, अगाथा ख्रिस्तीच्या 'द माउसट्रॅप' नाटकाच्या शंभराव्या प्रयोगाची पार्टी. लिओ कोपर्निक हा हॉलिवूडचा दिग्दर्शक निवेदन करतोय: असली एक गोष्ट पाहिली की सगळ्या पाहिल्या, आधी सगळ्यांची ओळख होते आणि मग त्यातला सगळ्यात नकोसा माणूस मरतो. तोवर तो स्वतःच सगळ्यांना नकोसा झालेला असतो, आणि खून त्याचाच होतो! पुढे मर्विन हा पटकथाकार फ्लॅशबॅकच्या तंत्रावर तोंडसुख घेतो, तेही एका फ्लॅशबॅकमध्येच. उद्या 'तीन आठवड्यांनंतर' अशी पाटीही दाखवाल, असं तो चिडून म्हणतो आणि लगेच ती पाटी पडद्यावर येते. पूर्वसूचना मिळूनही हसू फुटतं, कारण वेळ अचूक साधलेली आहे.

नुसती हुशारी असती तर मीही कंटाळले असते. पण सर्शा रोनननं केलेली कॉन्स्टेबल स्टॉकर त्यात जीव ओतते. ती सिनेमावेडी आहे, ऐकलेला प्रत्येक शब्द वहीत टिपते आणि समोर येईल त्याला खुनी ठरवून मोकळी होते. घाईनं निष्कर्ष काढू नकोस, असं इन्स्पेक्टर सांगतो, तर ती तेसुद्धा लिहून घेते. रहस्यकथा वाचताना आपण सगळे असेच वागतो. मधल्या भागात तपास थोडा रेंगाळतो, हे मात्र मान्य.

काही गमती बाहेरची माहिती असली की जास्त रंगतात. इन्स्पेक्टरचं नाव स्टॉपर्ड आहे. नाटककार टॉम स्टॉपर्ड यांनी १९६८ मध्ये 'द रिअल इन्स्पेक्टर हाउंड' हे याच प्रकारच्या नाटकांची खिल्ली उडवणारं नाटक आणलं होतं. 'द माउसट्रॅप'चे प्रयोग थांबून सहा महिने झाल्याशिवाय त्यावर चित्रपट काढायचा नाही, ही करारातली अट खरी आहे. ज्या निर्मात्याला ती नडते तो जॉन वूल्फही खरा. १९५२ साली रंगभूमीवर आलेलं ते नाटक कोविडमधला खंड सोडला तर आजही चालू आहे, त्यामुळे तो चित्रपट निघालेलाच नाही. मग 'सी हाऊ दे रन'च्या मंडळींनी नाटकावर चित्रपट काढण्याऐवजी, तो काढायला निघालेल्या माणसांवरच काढला. ही युक्ती मला फार आवडते.

आता खुन्याबद्दल. इतर वाचकांसाठी नाव लिहीत नाही, पण तुम्हाला जे फिकं वाटलं तिथेच मला चित्रपटाचा गाभा दिसतो. जानेवारी १९४५ मध्ये श्रॉपशरमधल्या एका शेतघरात डेनिस ओनील हा १२ वर्षांचा मुलगा मारहाणीनं आणि उपासमारीनं मेला. सरकारी यंत्रणेनंच त्याला त्या घरी सांभाळायला दिलं होतं. या प्रकरणावरून ख्रिस्तीला एक कल्पना सुचली, १९४७ मध्ये तिचं 'थ्री ब्लाइंड माइस' हे नभोनाट्य झालं आणि त्यातूनच पुढे 'द माउसट्रॅप' उभं राहिलं. 'थ्री ब्लाइंड माइस' हे मुळात एक इंग्रजी बालगीत, आणि 'सी हाऊ दे रन' ही त्यातलीच ओळ. चित्रपटातला खुनी, नावगाव बदलून, याच जखमेबद्दल बोलतो: आमच्या घरातल्या मुलाच्या मरणावर तुम्ही रोज संध्याकाळी तिकिटं विकता.

तासभर हसवून चित्रपट हे आपल्यालाच ऐकवतो, कारण तिकीट काढणारे आपणच असतो. त्यानंतर लगेच बंदूक आणि आगीची धमाल सुरू होते, कोपर्निकनं आधी चितारून ठेवलेल्या शेवटासारखीच. विनोद म्हणून ते चोख जमलंय, पण त्या माणसाला अजून थोडं बोलू द्यायला हवं होतं असं मला प्रत्येक वेळी वाटतं.