साडेबावीस हजारांचे टायर आणि थांबवायची एसआयपी

प्रश्न : माझी हिमालयन ४११ मोटरसायकल २०१९ ची आहे. मागचा टायर गोटा झालाय, पुढच्यावर नक्षी चांगली शिल्लक आहे. त्यावर १४१९ असा आकडा दिसतो. सप्टेंबरात हिमाचलातल्या स्पितीला जायचंय. परदेशी कंपनीचा जोड २२,५०० रुपयांना (मागचा १२,५००), देशी जोड ८,८०० ला (मागचा ५,०००) मिळतोय. दुकानदार म्हणतो, महागडा मागचा टायर १८,००० किलोमीटर चालेल, देशी १२,०००. म्हणजे महागच शेवटी स्वस्त. दरमहा ५,००० ची एसआयपी (म्युच्युअल फंडातला मासिक हप्ता) पाच महिने थांबवून घेऊ का? वर्षाला ६,००० किमी फिरतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दुकानदाराचेच आकडे धरू. परदेशी टायर किलोमीटरला ६९ पैसे, देशी ४२ पैसे. परदेशी टायरला बरोबरी करायची तर तो ३०,००० किमी चालायला हवा. तुमच्या वेगाने ती पाच वर्षं झाली, तोवर रबर कडक होऊ लागलेलं असणार. पावसात पकड चांगली मिळते म्हणून घेत असाल तर जरूर घ्या, मला हरकत नाही (मी ॲक्टिव्हावाला, माझं मत किती धरायचं ते तुम्ही ठरवा). पण मग ती हौस आहे. हौसेचा खर्च बचतीच्या रकान्यात लिहू नका.

स्पितीचंही तसंच. मनालीहून स्पितीला जाताना लागणारा ग्रांफू ते बातल हा दगडधोंड्यांचा आणि ओढ्यांचा पट्टा खराच, पण नाशिकहून मनालीपर्यंत आणि परत येताना बहुतेक डांबर आणि काँक्रीटच आहे. फार मोठ्या बटनांची (उंच रबरी ठोकळ्यांची) नक्षी त्या डांबरावरच झिजवून याल. मध्यम बटनांची नक्षी पुरे.

पुढच्या टायरवर मात्र काटकसर नको. १४१९ म्हणजे २०१९ चा १४वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं झालंय. दोन्ही बदला, सोबत ट्यूबही नव्या टाका आणि नव्या टायरवरचा आकडा बघूनच पैसे द्या.

आता एसआयपी. ८,८०० म्हणजे दोन हप्तेही नाहीत, त्यासाठी ती थांबवू नका. सहलीच्या बजेटमधूनच हे पैसे काढा, एक मुक्काम कमी झाला तरी चालेल. नो-कॉस्ट ईएमआयवर (बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांवर) घ्यायचं म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुधा लागतोच. विम्याची आशा धरू नका. झीज त्यात येत नाही.

टायर झिजणार हे गाडी घेतली त्या दिवशीच माहीत होतं, तरी दरवेळी तो अचानक आलेला खर्च वाटतो. किलोमीटरला एक रुपया धरा. वर्षाला ६,००० म्हणजे महिन्याला ५०० ची आरडी (बँकेतली आवर्ती ठेव). त्यात टायर, ट्यूब, बसवणावळ सगळं भागून थोडं उरेल.

टायर ऑगस्टमध्येच बसवा. कोऱ्या टायरची पकड पहिले शंभर-दीडशे किलोमीटर कच्ची असते, म्हणून ते किलोमीटर सहलीआधीच उरकून घ्या, फक्त पावसातल्या कसारा घाटात नकोत.