तापातून उठल्यावर नडगीचं दुखणं, आणि अकरा आठवड्यांवर आलेली फुल मॅरेथॉन

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. पहिलीच फुल मॅरेथॉन, हातात अकरा आठवडे. मध्येच व्हायरल तापाने दहा दिवस अंथरुणात गेले. बरं वाटल्यावर बुडालेलं मायलेज भरून काढायचं म्हणून लागोपाठच्या दोन रविवारी २४ आणि २६ किलोमीटर पळालात, आणि आता आठ दिवस उजवी नडगी आतल्या बाजूने दुखतेय. तुम्ही विचारताय की गोळी घेऊन प्लॅन चालू ठेवू का यंदाची शर्यत सोडून देऊ.

आज यातलं काहीच ठरवू नका. आधी नडगीला नक्की काय झालंय ते कळू दे.

संध्याकाळी बूट-मोजे काढून खुर्चीत बसा. उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घ्या आणि नडगीच्या हाडाची आतली कड घोट्यापासून वरपर्यंत अंगठ्याने दाबत जा, एका वेळी एका बोटाएवढं अंतर, सावकाश. तीन-चार बोटं किंवा त्याहून लांब पट्टा सगळीकडे सारखाच हुळहुळा लागत असेल, पळायला लागल्यावर दुखत असेल आणि अंग गरम झालं की कमी होत असेल, तर बहुतेक शिन स्प्लिंट्स आहेत, म्हणजे भार वाढल्याने नडगीच्या हाडाच्या कडेला होणारा दाह. त्या त्रासदायक असल्या तरी आटोक्यात येतात. पण अंगठा सरकता सरकता एकाच जागी, बोटाच्या पेराएवढ्या ठिकाणी कळ उठली, पळताना दुखणं कमी न होता वाढतच गेलं, किंवा रात्री पडल्यावरही तिथे ठणकत असेल, तर ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या भाराने हाडाला पडलेली बारीक भेग, धरूनच चाला. पळणं त्या क्षणी बंद करा आणि ऑर्थोपेडिक किंवा स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवा. त्या पायावर उड्या मारून बघा असं कुणी सुचवेल. ते डॉक्टरांसमोर होऊ दे, घरी नको.

एक्स-रेबद्दल मुद्दाम सांगते, कारण मी तिथेच फसले. माझ्या तिसऱ्या फुलच्या तयारीत डाव्या नडगीवर अशीच एक जागा होती, घोट्यापासून साधारण वीतभर वर. मोजा ओढताना रबर तिथे लागलं तरी मी श्वास रोखायचे. एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. मला तेवढंच हवं होतं. पुढच्या रविवारी ३० किलोमीटरला गेले आणि एकविसाव्या किलोमीटरला पाय टेकवेना. नंतर एमआरआयमध्ये भेग स्पष्ट दिसली. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुमचं दुखणं आठ दिवसांचं आहे. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी, एका जागची कळ कायम असेल तर, एमआरआयची गरज आहे का हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. आणि नडगीऐवजी जांघेत खोल दुखत असेल तर एक दिवसही थांबू नका. मांडीच्या हाडाच्या मानेत फ्रॅक्चर असलं आणि ते सरकलं तर थेट ऑपरेशनवर जातं.

हे झालं कशामुळे? तुम्ही लिहिलंय, ‘दम तर लागत नव्हता, म्हणून पळत राहिलो’. सगळी गोम तिथेच आहे. विश्रांतीत दम फार लवकर जातो असं आपल्याला वाटतं, पण तो तितकासा जात नाही. एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली छापलेल्या अभ्यासात चांगल्या कसलेल्या सात जणांचा सराव पूर्ण थांबवला होता. २१ दिवसांनी त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ७ टक्के उतरली होती आणि ८४ दिवसांनी १६ टक्के. सुरुवातीची घट बरीचशी रक्तातलं पाणी कमी झाल्याने होते, आणि पुन्हा पळायला लागलं की ते लवकर भरून येतं. म्हणून दोन आठवड्यांत ‘आलो की मी परत!’ असं वाटतं.

हाडाचा हिशोब वेगळा आहे. त्याच्यावर भार वाढला की शरीर आधी तिथलं जुनं हाड खरवडून काढतं आणि मग नवं भरतं. खरवडायला साधारण तीन आठवडे लागतात, भरायला तीन महिन्यांच्या आसपास. मधल्या काळात ती जागा नेहमीपेक्षा कच्ची असते. आजारपणात आठवड्याचं मायलेज शून्यावर आलं होतं, तिथून तुम्ही एकदम २४ आणि २६ वर गेलात. फुप्फुसांनी ते सहज पेललं, हाडाला तेवढी उसंत मिळाली नाही. यात तुमची चूक एवढीच की प्लॅनच्या कागदावर जो आठवडा छापला होता तिथून पळायला सुरुवात केलीत. बुडालेले आठवडे बुडाले असं धरायचं असतं, ते पुढच्या आठवड्यांत कोंबायचे नसतात.

गोळीचं उत्तर सरळ नाही असं आहे. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकने दुखणं झाकलं जातं, आणि सध्या हाडाची खबर देणारं दुसरं काही तुमच्याजवळ नाही. शिवाय या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. लांब पळताना, घामाने पाणी गेलेलं असताना त्या घेणं धोक्याचं आहे. शर्यतीच्या दिवशीही हेच लागू, शेजारी पळणाऱ्याने गोळ्यांची पट्टी पुढे केली तरी.

आता तापाविषयी. ताप उतरून तुम्हाला तीन आठवडे होत आलेत, तेव्हा बहुधा काळजी नाही. तरी सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, नाडी मोजायची सवय लावा. ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर राहत असेल तर शरीर अजून सावरलेलं नाही. छातीत दुखणं, धडधड, चक्कर किंवा जिना चढताना नवीनच दम लागणं यातलं काही जाणवलं तर व्यायाम थांबवून आधी हृदय तपासून घ्या. व्हायरल तापानंतर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि तशात जोर लावणं जिवावर बेतू शकतं.

रक्ततपासणीत हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) आणि ड जीवनसत्त्वही बघा. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही लोहाचा साठा आटलेला असू शकतो. मात्र ताप किंवा सूज असली की फेरिटिन खोटंच वाढून दिसतं, म्हणून ही तपासणी अजून दोन-तीन आठवड्यांनी करा, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. हे वाचणाऱ्या मुलींनी आणखी एक लक्षात ठेवा. सराव वाढल्यावर पाळी लांबली किंवा थांबली तर ‘बरं झालं’ म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याचदा पळण्याच्या मानाने खाणं कमी पडतंय याची ती खूण असते, आणि त्याची किंमत हाडं मोजतात.

मग हे आठवडे करायचं काय? डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर पाण्यात पळा. कमरेला तरंगणारा पट्टा बांधायचा, पाय तळाला लागणार नाहीत इतक्या खोल पाण्यात उभं राहायचं, पाठ ताठ ठेवायची आणि जागच्या जागी पळायचं. पहिल्या दिवशी मला भिंतीवरच्या घड्याळाचा काटा हलेल तर शपथ असं झालं होतं. मग मी इंटरव्हल सुरू केले, दोन मिनिटं जोरात आणि एक मिनिट सावकाश, असे बारा. त्या दिवसापासून वेळ जायला लागला. पाण्यात नाडी जमिनीपेक्षा दहा-एक ठोके कमीच राहते, म्हणून घड्याळातल्या आकड्यावर जाऊ नका, श्वासावर जा. प्लॅनमध्ये जेवढ्या मिनिटांचं पळणं लिहिलंय तेवढी मिनिटं पाण्यात काढा. सायकलही चालेल, दुखत नसेल तर. पोटरीचा व्यायामही सोडू नका, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली. पण हा फक्त शिन स्प्लिंट्स असतील तर.

परतीची सुरुवात चालण्याने. सलग पाच-सहा दिवस ४५ मिनिटं भराभर चालून दुखलं नाही आणि दाबूनही जागा हुळहुळी लागली नाही, तर एक मिनिट पळणं आणि चार मिनिटं चालणं, असं सहा वेळा, दिवसाआड. हळूहळू पळणं वाढवा, चालणं घटवा. अंतर वाढवलं त्या आठवड्यात वेग वाढवू नका. रोजचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. पलंगावरून उतरून पहिली दहा पावलं टाकताना नडगी बोलली, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून एक पायरी खाली या.

शर्यतीचा निर्णय चार आठवडे आधी घ्या. शिन स्प्लिंट्स असतील तर तोवर २५ किलोमीटरपर्यंत न दुखता पोचणं शक्य आहे, आणि मग वेळेचं लक्ष्य सोडून पळा-चाला करत ४२.१९५ पूर्ण करता येईल. फ्रॅक्चर निघालं तर नडगीच्या हाडाला बहुतेकदा सहा ते आठ आठवडे लागतात, कधी जास्तही. तशी वेळ आली तर ही शर्यत सोडाच. आयोजकांना आजच विचारून ठेवा की हाफमध्ये बदल किंवा पुढच्या वर्षी ढकलायची सोय आहे का. अशा सोयीची मुदत बहुधा आधीच संपते.

तुम्हाला कुणी ना कुणी जोन बेनॉइटची गोष्ट ऐकवेलच. १९८४ मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सतराव्या दिवशी तिने अमेरिकेची ऑलिंपिक चाचणी जिंकली आणि ऑगस्टमध्ये महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत. मलाही ती फार आवडते. पण तिच्या गुडघ्यातली अडचण शस्त्रक्रियेत निघून गेली होती आणि मागे कित्येक वर्षांचं पळणं होतं. भेगाळलेल्या हाडाला ती गोष्ट लागू पडत नाही.

रविवारी सकाळी ग्रुप निघून गेला की घरात फार एकटं वाटतं, ते मला माहीत आहे. मी तेव्हा दर रविवारी अठराव्या किलोमीटरला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी राहायचे. पहिल्या दिवशी सगळे पुढे निघून गेल्यावर डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी दुसऱ्या रविवारी परत गेले, आणि पुढचे रविवार बरे गेले.

आज अंगठ्याने दाबून बघा, आणि दुखरी जागा एक बोट आहे की चार, ते मला लिहा. डॉक्टरांनी एक्स-रे काढून सगळं ठीक आहे म्हटलं तरी, पुढच्या लाँग रनला जायच्या आधी लिहा.