कोळंबीची ‘प्रतिपिंडे’

कोळंबीच्या शरीरात बुरशीच्या संसर्गाला तोंड देणारी जी प्रथिने असतात, त्यांना ‘प्रतिपिंडे’ म्हणावे की ‘प्रतिद्रव्ये’ (दोन्ही इंग्रजी ‘अँटिबॉडी’चे पर्याय), असा प्रश्न आला आहे. दोन्ही म्हणू नये. रोगाशी झुंजणारे कोणतेही प्रथिन दिसले की त्याला प्रतिपिंड म्हणून मोकळे होण्याची खोड अलीकडे फार बोकाळली आहे. प्रतिपिंड हे लसीका पेशींपासून (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींपासून) उपजणारे आणि एखादा परका रेणू नेमका ओळखणारे प्रथिन असून ते केवळ पृष्ठवंशी प्राण्यांत आढळते. कोळंबीला कणाही नाही आणि प्रतिपिंडेही नाहीत.

मग खऱ्या अँटिबॉडीला यांपैकी काय म्हणावे? पिंडाचे नित्याचे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, ते सोडून देतो. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८९१ मध्ये वापरलेल्या ‘आंटिक्योर्पर’ या जर्मन शब्दाचे इंग्रजीत भाषांतर झाले आणि तेथून ‘प्रतिपिंड’ आपल्याकडे आला. त्यातील ‘क्योर्पर’ लॅटिन ‘कॉर्पुस’वरून आलेला, आणि हा कॉर्पुस म्हणजे ऋग्वेदातील ‘कृप्’ या, रूप किंवा आकृती अशा अर्थाच्या, शब्दाचा सगोत्र! अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातही त्याचे भावंड देह या अर्थाने नांदते. (दया या अर्थाच्या कृपेशी त्याचे नाते जोडण्याचा मोह कृपया आवरावा.) ‘प्रतिद्रव्य’वाल्यांचा आक्षेप असा की, पिंड म्हटले की देह आठवतो. आठवू द्या की. देह मूळ शब्दातच आहे. ‘द्रव्य’ मात्र कोणत्याही बाटलीतील रसायनाला चालते आणि म्हणूनच काहीच सांगत नाही. क्योर्पर म्हणजे देह आणि पदार्थाचा गोळाही. हे दोन्ही अर्थ एकट्या ‘पिंडा’त मावतात. शब्द घडवणाऱ्याच्या मनात ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ घोळत असावे, असे मला पुराव्यावाचूनही वाटते.

राहिली कोळंबी. तिच्या रक्तपेशींच्या कणिकांत ‘पिनेइडिन’ नावाची लहान प्रथिने आधीच तयार असतात. १९९७ मध्ये वर्णन झालेल्या या प्रथिनांना पिनेअस या कोळंबीच्या प्रजातीवरून नाव मिळाले. ती कायटिन या चिवट पदार्थाला चिकटतात, आणि कायटिन बुरशीच्या पेशीभित्तीत असते तसे कोळंबीच्या स्वतःच्या कवचातही असते. त्याशिवाय, बुरशीच्या भित्तीतील ग्लुकन ही शर्करासाखळी ओळखणारे एक वेगळे प्रथिन रक्तात फिरत असते. यांना सरळ ‘बुरशीरोधी प्रथिने’ म्हणावे. प्राणवायू वाहून नेणाऱ्या निळ्या हिमोसायनिनचे तुटलेले तुकडेही बुरशीची वाढ रोखतात, आणि त्यांना प्रतिपिंड म्हणणे तर हिमोग्लोबिनला प्रतिपिंड म्हणण्याइतकेच चुकीचे आहे.