लघुचित्रं दाखवायला वर्ग नेताना

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पहिल्यांदाच वर्ग नेताय ना? मग सगळी दालनं दाखवायचा हट्ट सोडा. तासाभरात पाच लघुचित्रं पुष्कळ झाली. चित्र जेमतेम वहीच्या पानाएवढं, त्यात रंग टिकावेत म्हणून उजेड मंद. चाळीस मुलं एकदम उभी केलीत तर मागच्यांना नुसती डोकी दिसतात. आठ-आठचे पाच गट करा, दर दहा मिनिटांनी चित्र बदला. आधी दोन मिनिटं गप्प बघायचं. मग विचारा, काय दिसतंय? कशावरून म्हणतोस? रागमालेतलं, म्हणजे संगीतातले राग चित्रांतून दाखवणाऱ्या मालिकेतलं चित्र असेल तर ढग, बगळे, मोर शोधून ऋतू ओळखू द्या. इथे मुलं खरंच रमतात. माहितीची पाटी शेवटी, नाहीतर तीच उतरवत बसतात. हातात पेन नको, पेन्सिलच.